हिंदुस्थानची वाट आणि हिमप्रदेशाचे धनी



आज मला एका चुकलेल्या वाटेची हकीकत सांगावयाची आहे. गंमत अशी, कीं ती वाट आपल्याच देशाकडे येण्यासाठीं शोधली जात होती.

सन १५८३ मध्यें यान हुइखेन व्हान लिन्शोटेन नांवाचा एक विशीतला डच तरुण गोव्याच्या बंदरांत उतरला. तेथील आर्चबिशपांच्या पदरीं चिटणीस म्हणून त्यानें कांहीं वर्षें काढलीं. डोळे उघडे आणि लेखणी हातीं, असा हा मनुष्य होता. गोव्याचा बाजार, तेथील रीतिरिवाज, आंबे, फणस, मिरीं, दालचिनी, कोणत्या बंदरीं कोणता माल मिळतो आणि तेथवर जहाज कसें न्यावें, हें सारें त्यानें टिपून ठेविलें. मायदेशीं परतल्यावर १५९६ मध्यें त्यानें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें आणि पूर्वसमुद्राचें दार डच व्यापाऱ्यांना किलकिलें झालें. परंतु तो ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच, १५९४ आणि १५९५ सालीं, गोमंतकाच्या उन्हांत वावरलेला हा मनुष्य आपणांस रशियाच्या उत्तरेस, वायगाच बेटाजवळ, बर्फानें कोंडलेल्या सामुद्रधुनींत उभा असलेला दिसतो. तो तेथें कशासाठीं गेला होता? चीनची आणि हिंदुस्थानची जवळची वाट शोधण्यासाठीं!

यामागें राजकारण होतें. आफ्रिकेला वळसा घालून येणारा दक्षिणेचा मार्ग पोर्तुगीजांच्या हातीं होता. पोर्तुगालची गादी १५८० पासून स्पेनच्या राजाकडे होती. आणि त्या राजाशीं तर डच लोकांचें युद्ध चाललेलें. तेव्हां युरोप व आशिया यांच्या माथ्यावरून, उत्तरेच्या समुद्रांतून जावें, म्हणजे शत्रूचें तोंडही पाहावयास नको, असा बेत ठरला. पेट्रस प्लान्सियस या विद्वान् भूगोलशास्त्रज्ञाची तर अशी कल्पना होती, कीं उन्हाळ्यांत ध्रुवाजवळ सूर्य मावळतच नाहीं, त्या अर्थीं तेथील समुद्र मोकळा असला पाहिजे. नकाशावर तो भाग कोरा होता. जेथें आपण कांहीं काढलेलें नाहीं तेथें कांहीं नाहींच, असें धरून चालणें मनुष्याला नेहमींच सोयीचें वाटतें. त्या कोऱ्या जागेंत प्रत्यक्ष कोण राहत होतें, आणि वाट शोधणाऱ्यांची व त्यांची गांठ कशी पडली, तेवढेंच आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

या शोधार्थ डच लोकांच्या तीन सफरी झाल्या. तिन्ही सफरींत विलेम बॅरेंट्स हा कसलेला दर्यावर्दी होता. आणि पुढील दोन सफरींचें बारीकसारीक वर्णन लिहिणारा खेरिट द व्हेर हा त्याचा सहकारी. द व्हेरनें पहिल्या सफरीचाही वृत्तान्त जुळवून १५९८ मध्यें सर्व हकीकत छापली, म्हणूनच आज चारशें वर्षांनंतर आपण ती सांगूं शकतों.

पहिल्या सफरींत, १५९४ च्या जुलै महिन्यांत, नोव्हाया झेम्ल्या, म्हणजे रशियन भाषेंत ‘नवी भूमि’, या बेटाच्या किनाऱ्यावर त्यांना पांढरें अस्वल दिसलें. गोळी लागून तें पाण्यांत पोहूं लागतांच खलाशांनीं होडीतून त्याच्या गळ्यांत फांस टाकला. जिवंत पकडून हॉलंडला न्यावें आणि लोकांना नवल दाखवावें, असा त्यांचा विचार. अस्वल दमलें असें वाटलें, तोंच त्यानें पुढचे पंजे होडीच्या पिछाडीवर रोवून अर्धें अंग आंत घेतलें. खलाशी घाबरून पुढच्या टोकाला गोळा झाले. फांसाचा दोर सुकाणूच्या आंकड्यांत अडकला म्हणून ते वांचले. मग अस्वलाला त्यांनीं मारलें आणि हॉलंडला गेलें तें त्याचें कातडें.

त्याच सफरींत पुढें ऑरेंज बेटांवर सुमारें दोनशें वॉलरस वाळूंत ऊन खात पडलेले आढळले. वॉलरस म्हणजे सीलच्या जातीचा प्रचंड समुद्रपशु. अंगानें रेड्याहून भारी, तोंडाला हत्तीसारखे दोन सुळे, आणि ओठांवर राठ मिशा. जमिनीवर हा प्राणी अगदींच असहाय असणार, अशा समजुतीनें हस्तिदंताच्या लोभानें खलाशी कुऱ्हाडी, भाले घेऊन तुटून पडले. हत्यारें मोडलीं, एकही वॉलरस मेला नाहीं, थोडेसे सुळे मात्र हातीं लागले. पहिली भेट ही अशी झाली. प्राणी दिसला, कीं तो एक तर नवल म्हणून दाखवावयाचा, नाहीं तर माल म्हणून विकावयाचा. तिसरी दृष्टि अजून आलेली नव्हती.

दुसऱ्या सफरींत, १५९५ च्या सप्टेंबरांत, एका बेटावर कांहीं खलाशी हिऱ्यांसारखे चमकणारे खडे वेंचीत होते. दोघे वाऱ्याच्या आडोशाला पडले असतां मागून अस्वल आलें व त्यानें एकाची मान धरली. कोणी सोबतीच थट्टा करीत आहे, असें त्या बिचाऱ्याला प्रथम वाटलें. सोडविण्यास आलेल्यांपैकींही एकजण प्राणास मुकला. बर्फानें वाट अडविल्यामुळें तें आरमार रिकाम्या हातीं परत फिरलें.

तिसरी सफर मे १५९६ मध्यें निघाली. दोन जहाजें होतीं. एकाचा कप्तान याकोब व्हान हेमस्कर्क, बॅरेंट्स त्याचा मार्गदर्शक. दुसऱ्यावर यान कोर्नेलिस रेप. जूनमध्यें त्यांना एक एकाकी बेट लागलें. तेथें एका अस्वलाशीं त्यांची सुमारें दोन तास झुंज झाली. पाठींत रुतलेली कुऱ्हाड घेऊन तें पोहत राहिलें. त्याच्यावरून त्या बेटाचें नांव अस्वलबेट पडलें व तें आजतागायत चालत आहे. पुढें उत्तरेस, ऐंशीं अंशांच्या जवळ, त्यांनीं टोकदार शिखरांची भूमि पाहिली. हा ग्रीनलंडचाच भाग असें त्यांना वाटलें. परंतु तें वेगळें बेट होतें, आणि त्यास पुढें स्पिट्सबर्गेन, म्हणजे टोकदार पर्वतांचा देश, असें नांव मिळालें.

येथें एक फार सुंदर गोष्ट घडली. हॉलंडमध्यें दर हिवाळ्यांत लहान जातीचे काळसर हंस थव्याथव्यांनीं येत. ते कोठून येतात, अंडीं कोठें घालतात, हें युरोपांत कोणासच ठाऊक नव्हतें. स्कॉटलंडमध्यें पाण्यावर वांकलेल्या झाडांना फळें लागतात, तीं पाण्यांत पडलीं कीं त्यांचे हंस होतात, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांतही प्रचलित होती. आपल्या कवींनींही हंसांना मानससरोवराला धाडलें. पण झाडाला लटकावलें नाहीं! स्पिट्सबर्गेनच्या किनाऱ्यावर द व्हेर व त्याचे सोबती यांना हेच हंस आपापल्या अंड्यांवर बसलेले आढळले. इतक्या उत्तरेस आजवर कोणी गेलेंच नव्हतें, म्हणून हें कोडें सुटलें नव्हतें, असें त्यानें नमूद केलें आहे. त्यानें आणखीही एक विसंगति टिपली. या भूमींत गवत उगवतें व तें खाणारीं हरणें आहेत. आणि चार अंश दक्षिणेस असूनही नोव्हाया झेम्ल्यांत गवत नाहीं, तर केवळ मांसावर जगणारीं अस्वलें व कोल्हे आहेत. अटलांटिक महासागरांतून येणारा उष्ण प्रवाह स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्याला ऊब देतो, हें कारण पुढें कळलें. पण निरीक्षण खरें होतें. पाहण्याची ती तिसरी दृष्टि येथें उघडली, असें मला वाटतें.

जुलैमध्यें दोन्ही जहाजांची फारकत झाली. हेमस्कर्क व बॅरेंट्स नोव्हाया झेम्ल्याच्या उत्तर टोकाला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावर आले; आणि ऑगस्टच्या अखेरीस बर्फानें जहाजाला असें कांहीं कवटाळलें, कीं तें पुन्हां सुटलें नाहीं. जहाजावर सतरा माणसें होतीं. ज्याच्यावर घर बांधण्याची भिस्त तो सुतारच सप्टेंबरांत वारला. उरलेल्या सोळा जणांनीं समुद्रानें किनाऱ्याला आणून टाकलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या यांचें एक घर उभें केलें. ओंडके ओढून आणतांना अस्वलें त्यांच्या मागावर असत. युरोपीय माणसांनीं इतक्या उत्तरेस हिवाळा काढल्याची याहून जुनी सविस्तर नोंद उपलब्ध नाहीं.

लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या आर्यांच्या मूलस्थानासंबंधींच्या ग्रंथापासून ध्रुवप्रदेशांतील दीर्घ रात्र ही कल्पना आपल्याकडे घरोघरीं परिचित झाली. त्यांचा सिद्धान्त आज विद्वानांना मान्य नाहीं. परंतु रात्र खरीच आहे. सहा महिन्यांची रात्र केवळ ध्रुवावर. नोव्हाया झेम्ल्यांतील या घराला ती सुमारें तीन महिन्यांची होती. नोव्हेंबर १५९६ च्या आरंभीं सूर्य दिसेनासा झाला. थंडीनें घड्याळ बंद पडलें, तेव्हां वाळूच्या घटिकेवर काळ मोजावा लागला. आंत शेकोटी पेटलेली असतांही भिंतींवर बर्फाचे थर धरत. डिसेंबरांत ऊब मिळावी म्हणून सर्व फटी बुजवून दगडी कोळसा जाळला, आणि त्या धुरानें सारेजण गुदमरून मरतां मरतां वांचले.

या रात्रींत त्यांनीं एक चमत्कार पाहिला. सूर्याबरोबर अस्वलें नाहींशीं झालीं आणि त्यांच्या जागीं पांढरे कोल्हे आले. पुढें सूर्य उगवला, तेव्हां कोल्हे दुर्मिळ झाले व अस्वलें परतलीं. द व्हेरनें हें लिहून ठेविलें. उलगडा पुढील पिढ्यांनीं केला. पांढरें अस्वल हें जमिनीपेक्षां गोठलेल्या समुद्राचें जनावर आहे. बर्फाच्या भोकाशीं श्वास घेण्यास येणाऱ्या सीलची वाट पाहत तें तासन् तास बसतें. हिवाळ्यांत समुद्र दूरवर गोठला, कीं तें तिकडे निघून जातें. गाभण मादी मात्र बर्फांत बीळ करून राहते व तेथेंच पिलांना जन्म देते.

कोल्ह्यांनीं या माणसांना जगविलें. घराभोंवतीं सांपळे लावून ते कोल्हे धरीत. त्यांचें मांस सशासारखें लागे, आणि कातड्यांच्या टोप्या होत. नाताळच्या दिवशीं छपरावर कोल्ह्यांचीं पावलें वाजलीं, तेव्हां हा अपशकुन आहे असें कोणी म्हणालें. अपशकुन खराच, कारण ते छपरावर आहेत, हंडींत नाहींत, असा विनोद दुसऱ्यानें केला. अशा स्थितींतही विनोद सुचतो, याचें मला फार कौतुक वाटतें. ताज्या अन्नाच्या अभावीं स्कर्व्ही नांवाचा रोग होतो. हिरड्या सडतात, सांधे आंखडतात, माणूस झिजून मरतो. कोल्ह्याच्या ताज्या मांसानें त्या रोगाला कांहीं अंशीं तरी आवर घातला असला पाहिजे.

जानेवारीच्या पांच तारखेस त्यांनीं शिल्लक दारू व पिठाचे घावन यांवर सण साजरा केला आणि चिठ्ठ्या टाकून एका गोलंदाजाला नोव्हाया झेम्ल्याचा राजा केलें! खरे राजे तेव्हां बाहेर समुद्राच्या बर्फावर शिकार करीत होते. २४ जानेवारीस क्षितिजावर सूर्याची कड दिसली. हिशेबाप्रमाणें सूर्य येण्यास अजून दोन आठवडे अवकाश होता, म्हणून बॅरेंट्सचा विश्वास बसेना. पुढें युरोपांतील पंडितांनींही द व्हेरला खोटा ठरविलें. थंड हवेच्या थरांतून किरण वांकल्यामुळें क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो, हें कालांतरानें सिद्ध झालें, आणि या चमत्काराला आज नोव्हाया झेम्ल्याचेंच नांव आहे.

फेब्रुवारींत त्यांनीं एक अस्वल मारलें व त्याच्या सुमारें शंभर पौंड चरबीवर पुढें रात्रभर दिवा जळूं लागला. तोंवर तेलाच्या टंचाईनें अंधारांत बसावें लागे. ज्याच्या भयानें दार लावून घ्यावयाचें त्याच्याच चरबीच्या उजेडांत वाचावयाचें, असा हा ऋणानुबंध होता. मे महिन्याच्या अखेरीस मात्र त्यांनीं अस्वलाचें काळीज शिजवून खाल्लें. चवीला तें छान लागलें. पण सारे आजारी पडले, आणि तिघांची तर नखशिखान्त कातडी सोलून निघाली. ध्रुवप्रदेशांतील मूळ रहिवासी अस्वलाचें काळीज खात नाहींत. हें शहाणपण त्यांच्यांत पिढ्यानुपिढ्या आहे. प्रयोगशाळेला तें १९४३ मध्यें उमगलें. त्या काळजांत ‘अ’ जीवनसत्त्व इतकें सांठलेलें असतें, कीं मनुष्याला तें विषच होतें.

जून १५९७ च्या मध्यास उरलेले पंधरा जण दोन उघड्या होड्यांतून परत निघाले. निघण्यापूर्वीं बॅरेंट्सनें सर्व हकीकत एका कागदावर लिहून तो धुराड्यांत टांगून ठेविला. २० जूनला, द व्हेरनें काढलेला नकाशा पाहतां पाहतां, त्यानें पाणी मागितलें आणि प्राण सोडला. वाटेंत रशियन कोळ्यांनीं त्यांना अन्न दिलें. एका बेटावर मिळालेल्या पाल्यानें स्कर्व्ही हटली. आणि कोला येथें रेपच्या जहाजाशीं गांठ पडली. १ नोव्हेंबर १५९७ रोजीं बाराजण ॲमस्टरडॅमला पोहोंचले, तेव्हां त्यांच्या डोक्यांवर पांढऱ्या कोल्ह्यांच्या कातड्याच्या टोप्या होत्या.

पण त्यांच्या आगमनापूर्वीं तीनच महिने, ऑगस्टमध्यें, दुसरीं डच जहाजें दक्षिणेच्या मार्गानें जावा बेटापर्यंत जाऊन मिरीं घेऊन परतलीं होतीं. वाट सांपडली होती. ती उत्तरेची नव्हती. टोप्या घातलेल्या त्या बारा जणांच्या हातीं विकण्यासारखें कांहीं नव्हतें. होती ती फक्त बातमी: कोऱ्या जागेंत काय आहे याची.

आणि याच बातमीनें पुढील अनर्थ केला. अस्वलबेटावर इंग्रज जहाजें वॉलरसांसाठीं येऊं लागलीं. पूर्वीं हत्यारें मोडणाऱ्या या प्राण्याला कसें मारावें, हें आतां माणसें शिकलीं होतीं. त्या बेटावरील कळप थोड्याच वर्षांत विरळ झाले. १६०७ मध्यें हेन्री हडसननें स्पिट्सबर्गेनच्या समुद्रांत देवमासे असल्याचें सांगितलें; १६११ पासून इंग्रज आणि पाठोपाठ डच तेथें शिकारीस आले. ॲमस्टरडॅम बेट या नांवाच्या टापूवर डचांनीं चरबी कढविण्याच्या भट्ट्यांची एक वसाहतच थाटली. तिचें नांव स्मेरेनबर्ग, म्हणजे चरबीचें गांव. हा देवमासा हळूं पोहतो, आणि मेल्यावर तरंगतो; एवढाच त्याचा अपराध. त्याच्या चरबीचें तेल दिव्यांत व साबणांत गेलें, आणि तोंडांतील लवचिक पट्ट्या स्त्रियांच्या चोळ्या ताठ ठेवण्यास कामीं आल्या. तो दोनशें वर्षांहूनही अधिक जगूं शकतो, हें आज ठाऊक झालें आहे. अलास्कांत २००७ मध्यें मारलेल्या एका देवमाशाच्या अंगांत शंभरांहून अधिक वर्षांपूर्वींच्या भाल्याचा तुकडा सांपडला. इतक्या सावकाश जगणाऱ्या व सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची जात तीन शतकांच्या शिकारीपुढें कशी टिकावी? स्पिट्सबर्गेनच्या समुद्रांत तो जवळजवळ नामशेष झाला, आणि आजही तेथें थोडाच आढळतो.

नोव्हाया झेम्ल्यांतील तें घर १८७१ मध्यें एलिंग कार्लसेन या नॉर्वेजियन कप्तानास, इतक्या वर्षांनीं, आंतील सामानासह सांपडलें. त्यांतील वस्तु आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांत आहेत. पुढें १८७८-७९ मध्यें नॉर्डेन्शोल्डनें ‘व्हेगा’ जहाजांतून ती उत्तरेची वाट प्रथम पार केली. म्हणजे वाट होती, पण ती बर्फाच्या मर्जीची होती.

मनुष्याला उशिरा कां होईना, चूक कळली, असेंही म्हणतां येतें. स्पिट्सबर्गेन व भोंवतालच्या बेटांत, म्हणजे स्वालबार्डमध्यें, १९५२ पासून वॉलरसाला संरक्षण आहे, आणि मोजके उरलेले कळप आतां पुन्हां वाढले आहेत. १९७३ मध्यें पांढऱ्या अस्वलांच्या रक्षणासाठीं कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका व सोव्हिएट रशिया या पांच देशांनीं करार केला. परस्परांवर संशय घेण्याच्या त्या काळांत या एका जनावरासाठीं ते एकत्र बसले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु गोळीपासून वांचविलेल्या प्राण्याच्या पायाखालचें बर्फच आतां वितळत आहे. १५९६ सालीं ज्या बर्फानें जहाज चिरडलें तेंच अस्वलाची जमीन होतें. फेब्रुवारी २०१९ मध्यें त्याच नोव्हाया झेम्ल्यांतील एका वस्तींत पन्नासांहून अधिक अस्वलें अन्न शोधीत आलीं. घरांच्या दारांशीं, उकिरड्यांवर तीं हिंडूं लागलीं. आणि तेथें आणीबाणी जाहीर करावी लागली. बॅरेंट्सच्या सोबत्यांनीं दार लावून घेतलें होतें तें अस्वलाच्या राज्यांत. आतां अस्वल आपल्या दारीं उभें आहे, कारण त्याचें राज्य आटत चाललें आहे. आणि बर्फ हटल्यामुळें जहाजांना उत्तरेची वाट अधिकाधिक मोकळी होत आहे, याचा व्यापाऱ्यांना आनंद वाटतो! चारशें वर्षांपूर्वींचा नकाशा पुन्हां कोरा होऊं लागला आहे काय, असा मला प्रश्न पडतो.

शेवटीं आपल्याकडे वळूं. १ जुलै २००८ रोजीं हिंदुस्थाननें स्वालबार्डमधील नी-ऑलेसुंड या वस्तींत ‘हिमाद्रि’ नांवाचें संशोधनकेंद्र उघडलें. त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यांत, वास्को येथें आहे. लिन्शोटेन ज्या गोव्याहून परतून उत्तरेच्या बर्फांत हिंदुस्थानची वाट शोधीत गेला, त्याच गोव्यांतून आज आपले शास्त्रज्ञ त्या बर्फाकडे जातात. ते मिरीं नेत नाहींत, सुळे आणीत नाहींत. हवा, पाणी आणि बर्फ यांचें मोजमाप करतात. वस्तीबाहेर पाऊल टाकतांना स्वसंरक्षणासाठीं बंदूक जवळ बाळगावी लागते. पण अस्वलाचा पाठलाग करणें किंवा त्यास छेडणें यांस तेथील कायद्यानें बंदी आहे. तें दिसलें, तर अंतर राखून मागें फिरावयाचें, हा तेथील शिष्टाचार. १५९४ सालीं त्याच्या गळ्यांत फांस टाकणाऱ्या माणसाला मागें फिरावयास शिकण्यास जवळजवळ चारशें वर्षें लागलीं.